तुळशीच्या लग्नानंतरची सोयरीक

नवऱ्याला हे माहीत नाही. नागपूरच्या बहिणीपाशी माझं एरवी काहीच लपून राहत नाही, पण हे तिलाही माहीत नाही. सहा वर्षं झाली. गोष्ट माशांची आहे म्हणून तुम्हाला हसू येईल — येऊ द्या. मीही पहिल्यांदा हसण्यावारीच नेलं होतं. बोटाच्या पेराएवढे मासे — त्यांच्यापायी कोणी कोणाचा घात करतं का?

करतं.

आधी मी कोण ते सांगून टाकते, म्हणजे पुढे "बिचारीला कळलं नसेल" असं म्हणायला जागा राहणार नाही. मी भिलाईतल्या एका शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. सव्वीस वर्षं झाली. बरण्या पुसायच्या, काचपट्ट्या धुवायच्या, तक्ते टांगायचे. आनुवंशिकतेचा धडा मी इतक्या वेळा ऐकला आहे की शिकवणाऱ्या मॅडम आजारी असल्या तर मुलं मलाच विचारतात. तेव्हा कळत नव्हतं — हे कारण माझ्याजवळ नाही. मला सगळं कळत होतं. जिचा घात केला त्या मंगलाताईला ते मीच शिकवलं होतं.

नवरा स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. आम्ही रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. मागच्या आंगणात माझे तीन काळे टब, एक अर्धा कापलेला निळा ड्रम आणि भंगारातून आणलेल्या फ्रिजचं आडवं टाकलेलं खोकं. दार काढलं की फ्रिजचा हौद फार चांगला होतो, उन्हात पाणी लवकर तापत नाही. वरून हिरवी जाळी. सकाळी पाण्यावर धुळीचा पापुद्रा धरलेला असतो, तो पेपरचं पान पसरून उचलायचा आणि मग शाळेत जायचं. मी गप्पी मासे पाळते. एकच जात — अख्खा लाल. नर डोळ्यापासून शेपटीपर्यंत कुंकवासारखा. मादी साधी, राखाडी, शेपटीला तेवढी लालसर.

गप्पीचं एक आहे. महिन्याला पिल्लं होतात, ती तीन महिन्यांत वयात येतात, आणि नातं त्यांना कळत नाही. एका टबात सोडून दिले की आई-मुलगा, भाऊ-बहीण, सगळं चालतं. पहिल्या काही पिढ्यांत बिघडलेलं काही दिसत नाही, उलट रंग पक्का होतो आणि पाळणारा खूश होतो. मग पिल्लं कमी व्हायला लागतात. मग ती लहान राहतात. मग एक दिवस एखाद्याची पाठ वाकडी निघते. म्हणून मधूनमधून बाहेरचं रक्त लागतं — जात तीच, पण घर दुसरं. आता ते दुसरं घर आणायचं कुठून? दुकानातला मासा कोणत्या टबातून आला हे दुकानदारालाही माहीत नसतं.

मला ते घर हळदीकुंकवात सापडलं. बायका साड्यांबद्दल बोलत होत्या आणि शेजारी बसलेली एक ठेंगणी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी बाई मला हळूच विचारते, "तुमच्या इकडे डासाच्या अळ्या भेटते काय वो? आमच्या कोहक्यात नाल्यात दवाई टाकून गेले मेले." अळ्या म्हणजे गप्पीचं खाणं, मी लगेच ओळखलं. त्या मंगलाताई. यजमान रेल्वेत, मालगाडीचे गार्ड, मूळचे गोंदियाकडचे. त्यांच्या एका सोबत्यानं कलकत्त्याकडून लाल गप्पी आणून दिलेले. माझे भावानं नागपूरहून पाठवलेले. रंग एक, घरं दोन. आम्ही दोघी त्या दिवशी वाण घ्यायचं विसरलो.

ठरलं ते असं. तिची लाइन, म्हणजे तिच्या माशांचा वंश, तिच्याकडे वाढेल, माझी माझ्याकडे, आणि वर्षातून दोनदा नर बदलायचे. दोघींना विचारल्याशिवाय ही लाइन तिसऱ्या घरात जाणार नाही. मी सांगितलं, दर सहा महिन्यांनी. मंगलाताई म्हणाली, "असं नाई. मानसाइचे मुहूर्त रायते, मासोळ्याइचे कावून नाई?" मग मुहूर्त तिनं काढले — तुळशीचं लग्न झालं की एकदा, आणि अक्तीला एकदा. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया; इकडे छत्तीसगडात त्या दिवशी पोरं मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात. कोहक्याच्या गल्लीत पोरांची डबे बडवत वरात चाललेली असायची, आणि त्यातून वाट काढत मी स्टीलच्या डब्यात सहा नर घेऊन चाललेली. दारातूनच तिचा आवाज — "अहो, आले न घरजावई! पाय धुवाले पाणी आना!" आणि आतून गार्डसाहेब, "पाय तं दाखवा म्हना आंधी!"

दर वेळी हाच विनोद. दर वेळी आम्ही हसायचो. याला आम्ही सोयरीक म्हणत होतो.

तिच्यासाठी तो नुसता विनोद नव्हता — हे मी सांगितलंच पाहिजे, नाही तर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. मंगलाताईचं लग्न तिच्या आतेभावाशी झालं. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून गेली की माहेरचे उलट निर्धास्त. तिचा पहिला मुलगा अकरा दिवस जगला. मग ज्योती झाली. ज्योतीला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टरनं विचारलं, लग्न नात्यात झालंय का? हिनं हो म्हटलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. दोष दिला नाही, रागावला नाही, नुसतं लिहिलं. मंगलाताई मला हे एकदाच बोलली, टबातलं पाणी काढता काढता, माझ्याकडे न बघता. "तं ते 'हो' माह्या पोटात बसलं, सुनीता. आता काय करतं? पन टबात तरी मी असं होऊ नाई देनार."

म्हणून तिला ती सोयरीक हवी होती. मी तिला पेन्सिलीनं कागदावर काढून दाखवलं होतं — दोन घरं, बाण इकडून तिकडे, बाण तिकडून इकडे. तो कागद तिनं पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता.

आणि ज्योती. ज्योती तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. घरीच साड्यांना फॉल-पिको करायची. बारीक दोऱ्यावर नजर बसलेली — ती नजर टबावर आली की काही सुटायचं नाही. कोणता नर ठेवायचा, कोणता बाजूला काढायचा, हे तीच ठरवायची. टबाशी उकिडवी बसायची, दहा मिनिटं हलायची नाही, मग जाळी एकदाच पाण्यात जायची आणि नेमका तोच मासा वर यायचा. मंगलाताई म्हणायची, "लाइन माही नाई, तिची आहे. मी आपली पानी भरनारी."

पाच वर्षं हे छान चाललं. मग तिचे टब असायचे त्या गच्चीचं काम निघालं. स्लॅब गळत होता. पावसाळ्यात तिचे निम्मे मासे माझ्या फ्रिजच्या खोक्यात आले. काम झाल्यावर ती घेऊन गेली, पण डझनभर नर-माद्या मुद्दाम ठेवून गेली. "राहू दे तुह्याकडे. काई झालं-गेलं तं ठेव राहीन."

ठेव. हा शब्द तिचा आहे. मी तो विसरलेली नाही.

त्याच वर्षीची दिवाळी. मी एक दिवसाची सुटी घेऊन घर साफ करायला काढलं. माझं काम झटपट असतं — पडदे, पंखे, माळे, आणि त्याच झपाट्यात आंगण. टबांच्या कडांना शेवाळ धरलं होतं. मी टब रिकामे केले, घासले आणि नळाच्या पाण्यानं भरून मासे परत सोडले. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवल्याशिवाय टबात टाकायचं नाही, हा नियम मीच मंगलाताईला सांगितलेला. त्या आठवड्यात वस्तीत काविळीची साथ होती आणि टाकीत ब्लीचिंग जास्त पडत होतं. बादली भरताना मला वास आला होता. मला वास आला होता — आणि मी म्हटलं, एवढ्यानं काय होतं, आजच उरकून टाकू.

संध्याकाळपर्यंत माझी सगळी लाइन पाण्यावर आली. एकूण एक. वाचलं ते फ्रिजचं खोकं, कारण ते मी घासलं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू म्हणून त्याला हात लावला नव्हता.

तगरीच्या बुडाशी खड्डा करून सगळे पुरले. नवऱ्याला सांगितलं, थोडे मेले. तुळशीचं लग्न पंधरा दिवसांवर. तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून टाकायचं! दोन वाक्यांचं तर काम होतं. ताई, माझ्या चुकीनं माझे सगळे गेले, या खेपेला देवाणघेवाण नाही. ती काय म्हणाली असती? दोन दिवस हळहळली असती आणि तिसऱ्या दिवशी तिनंच कुठून तरी नवं रक्त शोधून काढलं असतं. पण मी नियम सांगणारी होते ना. तिच्या एका टबात पिल्लं मेली होती तेव्हा मी तिला चार बायकांदेखत म्हटलं होतं, "ताई, मासे पाळायचे तर शिस्त लागते." हे म्हणणारी बाई ब्लीचिंगचा वास येऊनही पाणी ओतते — हे मी तिला सांगू?

तरी कदाचित सांगितलं असतं. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला म्हणत आले. कारण मधे एक गोष्ट घडली.

तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी मी भिलाईतल्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात गेले होते. माशांच्या दुकानात, बाहेर टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, लाल गप्पी. तसे लाल भिलाईत दोनच घरी होते आणि त्यातलं एक घर रिकामं झालं होतं. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "कोहका वाली आंटी दे गई हैं."

मी तशीच उभी राहिले. शब्द कोणी दिला होता? तिसरं घर नाही म्हणून कोण म्हणालं होतं? मी इथे इतके दिवस जीव जाळते आहे, तिला तोंड कसं दाखवू म्हणून — आणि ही बाई बाजारात पिशव्या टांगते? पाच वर्षं मी हिच्या घरच्या पाटावर बसून जेवले, हिच्या गच्चीचं काम निघालं तर हिचे मासे सांभाळले. एवढी फसवणूक मला सख्ख्या नणंदेकडूनही वाटली नव्हती. परत येताना रिक्षात मी तिच्याशी मनातल्या मनात भांडले, आणि रुआबांधा येईपर्यंत माझा निर्णय झालेला होता. हिनं आधी मोडलं. आता मी का पाळू?

तुळशीचं लग्न झाल्यावर मी फ्रिजच्या खोक्यातून सहा नर काढले. तिच्याच ठेवीतले. तिच्या लाइनच्या काही नरांना शेपटीच्या मुळाशी खसखशीएवढा काळा ठिपका असायचा, माझ्या नागपूरच्या नरांना नसायचा. मी बिनठिपक्याचे सहा निवडले. चष्मा लावून, डबा उजेडात धरून निवडले. मग कोहक्याला गेले. घरजावई आले, पाय धुवायला पाणी आणा. मी हसले.

भाऊ बहिणींच्या घरी जावई म्हणून गेले.

आता पुढची अक्ती. डबा घेऊन मी पुन्हा तिच्याकडे, पुन्हा तिचेच मासे. भावाला नागपूरहून नवे पाठव म्हणून मी एकदा फोन केला होता. तो म्हणाला, ज्याच्याकडून आणले होते तो माणूस आता मासे पाळत नाही, आणि मी विषय सोडून दिला. चहा पिता पिता मंगलाताई आपणहून म्हणाली, "अवो, सांगाचंच राह्यलं. दिवाळीत बाजारात टाकाऊ नर देऊन आली होती मी, ज्योतीनं बाजूला काढलेले. मादी एक नाई गेली माह्या घरून, हं! नुसत्या नराइनं काय लाइन बनते?"

नुसत्या नरांनी लाइन बनत नाही. आम्ही ठरवलं होतं लाइनबद्दल. टाकाऊ नरांबद्दल नाही. तिनं काहीच मोडलेलं नव्हतं.

आणि खरं सांगू? ती पिशवी मी पाहिली होती. गप्पीत नर-मादी ओळखायला चष्मासुद्धा लागत नाही — नर लाल, मादी राखाडी. त्या पिशवीत एकही राखाडी मासा नव्हता. हे मला दुकानासमोरच दिसलं होतं. मला ते बघून घ्यायचं नव्हतं, एवढंच. तिनं मला फसवलं असं असायला हवं होतं, म्हणून मी ते तसं करून घेतलं.

बरं, आता तर कारण संपलं होतं. डबा समोर स्टुलावर होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मी तेव्हा बोलले का? मी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हटलं, "हो ना, नुसत्या नरांनी काय होतं!"

इथवर जे सांगितलं ते मी कदाचित कधीतरी कोणाला सांगूही शकले असते. माणूस चुकतं, लाजतं, लपवतं. जे सांगवत नाही ते याच्या पुढचं आहे. त्याच वर्षीचं, तुळशीच्या लग्नानंतरचं. तिसरी खेप.

मी घाईत होते. शाळा सुटल्यावर मासे निवडले, चष्मा शाळेतच राहिलेला. कोहक्याला पोचले तेव्हा मंगलाताईनं पांढऱ्या घमेल्यात पाणी काढून ठेवलं होतं. मी डबा ओतला. सहा नर त्यात पसरले. ज्योती शेजारी उकिडवी बसली आणि बघत राहिली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिनं एका नराकडे बोट केलं. मग उठून त्यांच्या जुन्या टबाकडे गेली आणि तिथल्या एका नराकडे बोट केलं. मग माझ्यासमोर येऊन तिनं दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना चिकटवल्या.

सारखे. एकच.

मी वाकून पाहिलं. शेपटीच्या मुळाशी ठिपका होता. चष्म्याशिवाय दिसला.

ज्योतीनं पुन्हा बोटं जोडली. पुन्हा टबाकडे, पुन्हा घमेल्याकडे, आणि मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. तिला वाटलं असेल, माझ्या हातून चुकून डबा बदलला. ती मला सांगत होती — बघा, गडबड झाली आहे, अजून सोडलेले नाहीत, थांबवता येईल. मंगलाताई माझ्याकडे पाहायला लागली. "काय म्हनते वो ही? आपलेच आहे म्हनते काय?"

एवढं सोपं करून मला कोणी कधी काही विचारलं नसेल. हो म्हणायचं होतं. नुसती मान हलवायची होती.

मी हसले. ज्योतीच्या पाठीवर हात ठेवला — हो, हातसुद्धा ठेवला — आणि मंगलाताईला म्हटलं, "अहो, लाल तो लाल. ठिपके काय, येतात कुठेही. तिला ऐकू येत नाही ना, मी दर वेळी काय सांगते ते तिच्यापर्यंत कसं पोचणार? तिचा गोंधळ होतो."

मासे ओळखायला कान लागतात का? पण मंगलाताईनं विचारलं नाही. ती मला मानत होती. मी शाळेत प्रयोगशाळेत असते, मला धडे पाठ आहेत. तिचा चेहरा ओशाळला. "मनावर घेऊ नको, सुनीता. आता तिले काय समजते?" असं म्हणून तिनं ज्योतीच्या हातातली जाळी काढून घेतली. ओढून नाही, हळूच. आणि हातवाऱ्यांनी तिला शिलाई मशीनकडे जायला सांगितलं.

ज्योती ओठ वाचते. मंगलाताई काय म्हणाली ते तिनं वाचलं. मी काय म्हणाले तेही. ती दारात एकदा थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला मी फसवलं गेल्याचं पाहणं म्हणते, कारण ते मला ओळखीचं होतं — पॉवर हाऊसच्या दुकानासमोर मी तसंच पाहिलं होतं. फरक एवढाच की माझं खोटं होतं आणि तिचं खरं.

त्यानंतर नर निवडायचं काम मंगलाताई स्वतः करायला लागली. मला विचारून. मी सांगायची, हा ठेवा, तो काढा. ज्योती मशीनवर. खडखड ऐकू यायची, मान वर व्हायची नाही.

पुढच्या पावसाळ्यात पहिलं वाकडं पिल्लू निघालं. मग चार. मग एका खेपेत निम्मी. काहींचे कल्ले उघडे, काही तळाशी पडून धडपडणारी. माद्यांना पाच-सहाच पिल्लं व्हायला लागली. मंगलाताई फोन करायची आणि मी तिला उपाय सांगायची. बदामाचं पान टाका. खडा मीठ टाका. बोअरचं पाणी जड असेल, पावसाचं धरा. ती सगळं करायची. एकदा तर स्कूटीवर माझ्याकडे येऊन माझ्या नळाचं पाणी दोन कॅन भरून घेऊन गेली, माझ्याकडचे मासे चांगले आहेत म्हणून. माझ्याकडचे! माझ्याकडेही तेच होते, तसेच निघत होते. मी वाकडे सकाळीच काढून टाकायची, कोणी यायच्या आधी.

एक दिवस ती गच्चीवर बसलेली होती. समोर वाटीत एक वाकडं पिल्लू. मी जिना चढून गेले तर वळली नाही. म्हणाली, "बाहेरचं रक्त आनलं, तुह्यासारखी बाई भेटली, सगळं तू सांगतलं तसं केलं. तरी माह्या घरी हेच. हातालेच आहे माह्या, सुनीता. जित्थी हात लावीन तित्थी हेच निंघन."

यानंतर मी तुम्हाला काय सांगू? मला ठाऊक होतं की तिच्या हाताला काही नव्हतं. अकरा दिवसांचा तो मुलगा, ज्योती, आणि आता हे — ती तिन्ही एका दोरीत ओवत होती, आणि तिसरा मणी मी तिच्या हातात ठेवलेला होता. तो काढून घेणं माझ्या एका वाक्यावर होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "असं काही नसतं, ताई. पुढच्या वेळी पाणी अर्धंच बदला."

पुढच्या अक्तीला तिनं नर मागितले नाहीत. टबांत मेथी लावली.

मागच्या फाल्गुनात गार्डसाहेब रिटायर झाले आणि ते तिघं गोंदियाला गेले, त्यांच्या भावाच्या शेजारी दोन खोल्या मिळाल्या म्हणून. सामान टेम्पोत चढत होतं. मंगलाताईनं एक शेवटचा टब माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला होता, त्यात सहा-सात मासे. "तुही लाइन साबूत आहे न? तिच्यात हे सोडून दे. तुह्या घरी सुधरतीन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझा हात धरून म्हणाली, "तू होती म्हनून इतके वर्ष तरी चाललं."

टब ज्योतीनं आणून माझ्यापुढे ठेवला. सरळ उभी राहिली. आई पाठमोरी होती, टेम्पोवाल्याला काहीतरी सांगत होती. ज्योतीनं माझ्याकडे पाहत दोन्ही तर्जन्या वर केल्या आणि एकमेकींना चिकटवल्या. विचारत नव्हती.

मी टब उचलायला वाकले. टब जड नव्हता.

ते मासे अजून आंगणात आहेत, त्याच फ्रिजच्या खोक्यात. चार उरले. एकाची पाठ वाकडी आहे, तो खायला सगळ्यांत आधी वर येतो. मी त्याला काढलेलं नाही. मंगलाताई महिन्यातून एकदा फोन करते आणि माशांचं विचारते. मी म्हणते, छान आहेत. ती म्हणते, मले वाटलंच होतं, तुह्या हाताले यश आहे.

तिच्या हाताला काही नव्हतं. ठेवीतले मासे मी जावई म्हणून तिच्या घरी परत पाठवले, आधी तीन वेळा जाणूनबुजून, आणि नंतरही, ती मागत होती तोवर. आणि त्या दिवशी पांढऱ्या घमेल्यातला नर आणि जुन्या टबातला नर एकाच घरचे होते. ज्योतीनं बरोबर पाहिलं होतं.